खोलगट प्लॉटचा भराव

व्हॅनताईने घेतलेला प्लॉट रस्त्यापासून चांगला कमरेइतका खाली होता, आणि खाली होता म्हणूनच तो तिला परवडला होता. दोन्ही बाजूंना बांधून झालेली घरं आणि मध्ये हा खड्डा, दात पडल्यासारखा.

गवंडी बघायला आला, तेव्हा तो खाली उतरलाच नाही. काठावर उभा राहून म्हणाला, "ताई, जोतं रस्त्याच्या हातभर वर यायला पाहिजे. त्याआधी हे सगळं भरून काढा, आणि तेही मुरमाने. नाहीतर पावसाचं पाणी पाहुणं म्हणून घरात येईल आणि जायचं नावच घेणार नाही."

मुरूम म्हणजे खडकाच्या भुग्याची ती तांबूस, खरखरीत माती. दाबली की बसते आणि भिजली तरी फुगत नाही. ती विकणारा व्यापारी गावात एकच होता. त्याने प्लॉट बघून जो भाव सांगितला, तो ऐकून व्हॅनताईच्या नवऱ्याचं तोंडच उतरलं. तो चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा. सगळं आयुष्य बारीक मापांत गेलेलं, त्यामुळे मोठ्या आकड्यांनी तो लगेच खचायचा.

"एवढ्यात तर छप्पर होईल," तो म्हणाला. "राहू दे आता. वर्षभर थांबू."

"वर्षभर थांबलं की खड्डा आपोआप भरून येणार आहे का?"

"मग काय करणार?"

"माती मी आणते."

"कुठून?"

"ते अजून ठरवलेलं नाही," व्हॅनताई म्हणाली. "पण अहो, कुणीतरी कुठेतरी खणतच असणार ना! आणि खणणाऱ्याला ती माती टाकायची कुठे, ही डोकेदुखी असतेच."

हे ती हवेत बोलत नव्हती. ती शाळेची व्हॅन चालवायची. सकाळी पोरं गोळा करायची, दुपारी घरोघरी सोडायची. कुठल्या गल्लीत गटार उघडं आहे, कुठे नवं कुंपण आलंय, कुणाकडे रंगकाम निघालंय, हे तिला नगरपालिकेच्या आधी कळायचं. आणि शाळेजवळच्या वळणावर एका दुकानसंकुलाच्या तळघराचं खोदकाम नुकतंच सुरू झालं होतं. तिथून निघणाऱ्या डंपरांमागे अडकून तिची व्हॅन रोज खोळंबत होती. आजवर ती त्या डंपरांना मनातल्या मनात शिव्या घालायची. दुसऱ्या दिवशी पोरांना शाळेत सोडून तिने व्हॅन सरळ त्या कामाच्या फाटकाशी उभी केली.

तिथला मुकादम पिवळी टोपी घालून ओरडत होता. शाळा भरायच्या वेळी रस्त्यावर व्हॅनची रांग लागायची, त्याचे डंपर आत अडकून पडायचे आणि खोदणारं यंत्र रिकामं उभं राहायचं. त्याच्या डोक्याला ताप झाला होता.

"दादा, ही माती टाकता कुठे?" तिने विचारलं.

"जुन्या खाणीत. गावाबाहेर. का?"

"माझा प्लॉट इथून दोन वळणांवर आहे. तिथे टाका. डिझेल वाचेल तुमचं."

मुकादमाने तिला खालून वर न्याहाळलं. "फुकटात भराव पाहिजे म्हणा ना."

"फुकट कशाला? तुमचा रस्ता मी मोकळा करून देते. सगळे व्हॅनवाले माझ्या ओळखीचे आहेत. तुमचं खोदकाम चालू आहे तोवर आम्ही मागच्या गल्लीने जाऊ. बघा, जमत असेल तर."

मुकादम हसला. "तुम्ही सांगितलंत आणि ते ऐकतील?"

"उद्या सकाळी बघा."

आणि खरोखरच दुसऱ्या दिवशी वळण मोकळं होतं. व्हॅनवाल्यांनी थोडी कुरकुर केली, पण कुणाची गाडी बंद पडली की त्याची पोरं स्वतःच्या व्हॅनमध्ये कोंबून वेळेवर पोचवणारी व्हॅनताईच होती. तिला नाही कोण म्हणणार? मुकादमाने मालकाला फोन लावून परवानगी घेतली आणि त्याच सकाळी पहिला डंपर तिच्या गल्लीकडे निघाला.

तिथेच माशी शिंकली. गल्लीच्या वळणावर विजेचा खांब होता. डंपरने पुढे घेतलं, मागे घेतलं, पुन्हा पुढे घेतलं. गल्लीतली निम्मी माणसं दारात येऊन सूचना देऊ लागली. शेवटी चालकाने हात जोडले. "ताई, खांब पाडू का घर पाडू, एवढंच आता उरलंय." त्याने माती गल्लीच्या तोंडाशीच ओतली आणि तो निघून गेला.

ढिगाऱ्याने अर्धा रस्ता खाल्ला. कोपऱ्यावरचे काका काठी आपटत बाहेर आले. "हे काय मांडलंय?"

"काका, संध्याकाळपर्यंत उचलते."

"कशाने? चमच्याने?"

"उचलते म्हटलं ना," ती म्हणाली. आवाज चढवला नाही, पण शब्दही मागे घेतला नाही.

तेवढ्यात गवंडी आला आणि त्याने ढिगाऱ्यात हात घालून एक ढेकूळ फोडलं. आत काळी, चिकट माती होती. "ताई, ही चालणार नाही. वरच्या थराची काळी माती आहे. पाणी प्यायली की फुगते, वाळली की भेगा पडतात. हिच्यावर फरशी घातली तर एका वर्षात लाद्या नाचायला लागतील. मुरूम हिच्या खाली असतो. खोदकाम जरा खोल जाऊ दे."

नवरा दुकानातून जेवायला आला होता. त्याने ढिगाऱ्याकडे बघितलं आणि चष्मा काढून पुसला. चष्मा स्वच्छच होता. "व्यापाऱ्याला परत एकदा विचारू का? हप्त्याने देईल कदाचित."

व्हॅनताई मात्र त्या काळ्या ढेकळाकडे बघत होती. ही माती घराला नको, पण झाडांना? झाडांना तर हीच लागते. आणि गल्लीत मोठा डंपर शिरत नाही, पण छोटा ट्रॅक्टर नक्की शिरेल. काळी माती ज्याला हवी आणि छोटा ट्रॅक्टर ज्याच्याकडे आहे, असं माणूस तिच्या नात्यातच होतं. फक्त त्या माणसाकडे जायचं म्हणजे कान भरून घ्यायची तयारी ठेवावी लागणार होती.

"मी वन्संकडे जाऊन येते," ती म्हणाली.

"अक्काकडे?" नवऱ्याने घाईघाईने चष्मा डोळ्यांवर चढवला. "ती आपल्याला उभं तरी करेल का?"

त्याची मोठी बहीण रोपवाटिका चालवायची. जिभेला हाड नव्हतं बाईंच्या. प्लॉट बघायला आल्या तेव्हा चारचौघांत म्हणाल्या होत्या, "जागा कुठाय? हे तर डबकं आहे." त्यानंतर येणं-जाणं कामापुरतंच उरलं होतं.

व्हॅनताईने एका जुन्या पिशवीत ती काळी माती भरून घेतली.

रोपवाटिकेत वन्सं कुंड्या बदलत होत्या. कोपरापर्यंत माती, कपाळावर मातीचं बोट उठलेलं. मान वर न करता म्हणाल्या, "आज वाट चुकलीस?"

"नाही, कामाला आलेय." व्हॅनताईने पिशवी पुढे केली. "ही बघा."

वन्संनी मूठभर माती घेतली. दाबली, सोडली, नाकाशी नेली. त्यांचा चेहरा बदलला नाही, पण पिशवी त्यांनी परत दिली नाही. "कुठली?"

व्हॅनताईने सगळं सांगितलं. डंपर, खांब, ढिगारा, गवंडी, काहीही हातचं राखलं नाही. मग म्हणाली, "वरची सगळी काळी माती तुमची. मी मुकादमाशी बोलते. मला फक्त तुमचा ट्रॅक्टर पाहिजे, मुरूम लागला की तो गल्लीतून आत न्यायला."

"म्हणजे मातीच्या बदल्यात ट्रॅक्टर."

"हो."

"आणि डिझेल?"

"मी घालते."

वन्संनी कुंडीतलं रोप उचललं, मुळं झटकली आणि पुन्हा खाली ठेवलं. "प्लॉट घेताना मला विचारलं नाहीत तुम्ही. मला भाजीवाल्याकडून कळलं. माझ्या सख्ख्या भावाने जागा घेतली, आणि मला भाजीवाला सांगतोय."

इतके दिवस त्या डबक्याच्या खाली काय साचलं होतं, ते व्हॅनताईला तेव्हा समजलं.

"त्यांना भीती वाटली," ती म्हणाली. "तुम्ही नको म्हणाल याची. तुम्ही नको म्हटलं असतं तर त्यांनी घेतलाच नसता, आणि मला तर तो घ्यायचाच होता. म्हणून मीच म्हटलं, आधी सही करू, मग सांगू."

"मी नको म्हणालेच असते."

"माहीत आहे."

वन्संनी तिच्याकडे रोखून पाहिलं, आणि मग त्यांना एकदम हसूच फुटलं. "बाई गं, तुझ्या तोंडावर खोटं टिकत नाही तेवढं बरं आहे." हात झटकत त्या उठल्या. "चल. तो ढीग आधी उचलू. त्या कोपऱ्यावरच्या म्हाताऱ्याला मी ओळखते, दिवेलागण झाली की सगळ्या गल्लीला गोळा करेल."

संध्याकाळच्या आत गल्लीचं तोंड झाडून साफ झालं होतं. वन्संनी ट्रॅक्टर स्वतः चालवला. खांबाच्या वळणावर त्यांनी ट्रॉली अशी काही वळवली की काकांनी काठी बगलेत धरून टाळ्या वाजवल्या.

पुढचे काही दिवस काळी माती रोपवाटिकेत जात राहिली. मग एक दिवस यंत्राच्या दात्यांखाली करकर ऐकू आली आणि तळघराच्या खड्ड्यातून तांबूस मुरूम निघाला. त्याच दुपारी व्हॅनताई फाटकाशी पोचली, तर मुकादमाशेजारी मातीचा व्यापारी उभा. मुकादम मान चोळत म्हणाला, "ताई, आता याला गिऱ्हाईक आलंय. हे विकत घेतो म्हणतात."

व्हॅनताई मुकादमाशी वाद घालत बसली नाही. तिने व्यापाऱ्यालाच विचारलं, "तुम्ही कधी उचलणार?"

"गाड्या रिकाम्या झाल्या की. आठवड्याभरात बघू."

ती मुकादमाकडे वळली. "दादा, आठवडाभर हा ढीग इथे ठेवलात तर तुमचं यंत्र उभं कुठे राहणार? माझा ट्रॅक्टर मागच्या फाटकाशी आलेला आहे. तुम्ही भरत जा, मी नेत जाते. आणि शब्द माझ्याशी झालाय तुमचा. रस्ता मोकळा आहे ना रोज?"

मुकादमाने खड्ड्याकडे बघितलं, यंत्राकडे बघितलं, आणि मोकळ्या वळणाकडे बघितलं. "मोकळा आहे," तो म्हणाला. "शेठ, यांचं होऊ दे. नंतर उरलं तर तुम्हाला फोन करतो."

वन्संनी हा संवाद ट्रॅक्टरवर बसून ऐकला होता. व्हॅनताई जवळ आली तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "माझ्या भावाला तू बायको नाही, मुकादम मिळालीस."

मुरूम येत गेला. गवंड्याने तो एकदम ओतू दिला नाही. वीतभर थर पसरायचा, पाणी मारायचं, छोटा रोलर फिरवायचा आणि मगच पुढचा थर. दगड वेचायचं काम नवऱ्याने सुट्टी काढून अंगावर घेतलं. काच घासायच्या चिकाटीने तो एकेक खडा बाजूला करायचा. गवंडी त्याला म्हणाला, "साहेब, घर बांधायचंय, चष्मा नाही." तरी त्याने सोडलं नाही. शेवटच्या थरानंतर त्यांनी सगळीकडे पाणी सोडलं. एक कोपरा खचला. नवरा घाबरला, पण गवंड्याला आनंद झाला. "आत्ता खचला ते बरं. फरशीनंतर खचला असता तर माझ्या नावाने बोटं मोडली असतीत." तो कोपरा पुन्हा भरला, पुन्हा भिजवला, आणि या वेळी तो जागचा हलला नाही.

एका सकाळी पोरांना सोडून व्हॅनताई आली, तर प्लॉट रस्त्याच्या बरोबरीने वर आलेला होता. ती व्हॅनमधून उतरली आणि सरळ चालत आत गेली. पाय घसरला नाही, टाच रुतली नाही. मधोमध जाऊन तिने दोन्ही पाय जोरात आपटले. खालून आवाज भरीव आला. तिने पुन्हा आपटले, आणि गल्लीत कोण बघतंय याची पर्वा न करता एकटीच हसली.

गवंडी पांढऱ्या फक्कीची पाटी घेऊन आला. घराच्या रेषा आखायच्या होत्या. दोरीचं एक टोक नवऱ्याने धरलं, दुसरं वन्संनी गवंड्याच्या हातातून हिसकावून घेतलं.

"स्वयंपाकघर या बाजूला," वन्सं म्हणाल्या. "सकाळचं ऊन येईल."

"ऊन आलं की मला ओट्याशी उभं राहवत नाही," व्हॅनताई म्हणाली. "त्या बाजूला."

"खिडकीत रोपं कुठे ठेवशील मग?"

"रोपं देणार असाल तर विचार करते."

नवऱ्याने दोघींकडे पाळीपाळीने पाहिलं आणि गवंड्याला म्हणाला, "तुम्ही तोवर बसा. मी चहा घेऊन येतो."

"बसतो कशाला?" गवंडी म्हणाला. त्याने वाकून फक्कीची मूठ भरली. "ताई, एकदाच काय ते ठरवा. इकडे की तिकडे?"

"वन्सं म्हणतात तसं, इकडेच," व्हॅनताई म्हणाली. "पण खिडकी मोठी काढा."

नवऱ्याने सोडलेलं टोक तिने उचललं, वन्संनी दोरी ताणून धरली, आणि गवंड्याने स्वयंपाकघराची पहिली पांढरी रेघ ओढायला घेतली.