पाचव्याचा हं

तिने टॉकबॅकचं बटण दाबलं आणि काचेपलीकडे सांगितलं, "पुन्हा एकदा."

डबिंगच्या बूथमधल्या नव्या नटाने हेडफोन नीट केला, घोटभर पाणी प्याला आणि पडद्यावर लोखंडी मुखवटा येताच माइकजवळ जाऊन म्हणाला, "हं."

"पुन्हा."

"हं."

"तुम्ही पडद्यावरच्या पोरीला होकार देताय. नुसता होकार नकोय."

"मग काय, नकार देऊ?" नवा हसत म्हणाला, पण त्याच्या कपाळावर घाम होता.

मागच्या सोफ्यावर सिनेमा वितरित करणाऱ्या कंपनीचे साहेब बसले होते. त्यांनी हातातला मोबाइल पालथा ठेवला. "मॅडम, एका अक्षरासाठी दुपार गेली. 'हं'ला असं काय सोनं लागलंय?"

नव्याचं काही चुकत नव्हतं, हीच तर पंचाईत होती. नाटकातला नट, आवाज खणखणीत, दोन पानी भाषण एका दमात म्हणून मोकळा होणारा. गाडं अडत होतं ते त्या एका अक्षरापाशी. आणि ते का अडतंय हे तिला सांगता येत नव्हतं, कारण सांगायला गेलं तर गोष्ट घरापर्यंत जात होती.

सिनेमा पाच जणांचा. एक उडतो, एक भिंती फोडतो, एक कुणाचंही रूप घेते, एक वीज फेकणारी पोर, आणि पाचवा मुखवट्यातला म्हातारा. त्याला फक्त ऐकू येतं: भिंतीपलीकडचं, नदीपलीकडचं, समोरच्याच्या छातीतलं. मूळ परक्या भाषेत हा म्हातारा जवळजवळ मुकाच होता. आपल्या भाषेत त्याला आवाज दिला तिच्या वडिलांनी. मुखवट्यामुळे ओठ दिसत नाहीत, म्हणजे जुळवायला काही नाही. त्याचा फायदा घेऊन बाबांनी पहिल्याच भागात एक आगाऊपणा केला. दुसरं कुणी बोलून थांबलं की त्या मोकळ्या जागेत हळूच एक हं सरकवून द्यायचा. तेव्हाच्या दिग्दर्शकाने कटकट केली. पण सिनेमा लागला आणि रस्त्यावरची शेंबडी पोरंसुद्धा एकमेकांना गळ्यातून हं म्हणू लागली. दिग्दर्शक गप्प बसला. पुढे डबिंगचं दिग्दर्शन तिच्याकडे आलं, तेव्हा तिनेही बाबांच्या हंला कधी हात लावला नाही.

साहेबांचं म्हणणं वेगळं होतं. असे सिनेमे चालतात ते पाचही जण एका रांगेत चालत येतात म्हणून. मागे स्फोट, पुढे पाच जण. शिट्ट्या पडल्या की झालं. मधली बोलाचाली म्हणजे लोकांना लाह्या आणायला वेळ मिळावा म्हणून.

"लोक मारामारीला येतात गं," बाबा म्हणायचे, "पण बसून राहतात ते यांचं भांडण ऐकायला. चार शूर एका खोलीत कोंडले म्हणून टोळी होत नाही. प्रत्येकजण आपलंच सांगत सुटतो. कुणीतरी हुंकार द्यायला लागतो. नाहीतर गोष्ट सांगणाऱ्याचीच गोष्टीवरून वासना उडते."

या पाचव्या भागात भुयार खचतं. लोखंडी दार वर धरून ठेवायला कुणीतरी मागे राहणं भाग असतं आणि म्हातारा राहतो. विजेची पोर वळून विचारते, "आम्ही निघतो, काका. राहाल ना तुम्ही?" मुखवटा म्हणतो, "हं." एवढंच. पुढचे सगळे स्फोट त्या एका अक्षरावर उभे होते.

"जुने लावून बघू या?" रेकॉर्डिस्टने विचारलं. पावलांचा आवाज न करता वावरायचा आणि संधी मिळेल तिथे अंग मुडपून झोपायचा म्हणून त्याला सगळे बोक्या म्हणत. त्याने आधीच्या भागांतले बाबांचे हं काढून ठेवले होते. एकेक लावून पाहिला. एकात शंका होती. एकात खोड काढल्याचा आनंद होता. एक तर चहा गार आल्यासारखा होता. ज्याच्या त्याच्या जागी बावनकशी, पण इथे दुसऱ्याच्या मापाचे जोडे घातल्यासारखे.

"तुमच्या वडिलांनाच आणा की," साहेब बोलून गेले. मग त्यांना आठवलं आणि ते चपापले. "सॉरी. पण म्हणजे... एक अक्षर तर बोलत असतील ना?"

बोक्याने मान खाली घातली. नेमकं तेवढंच अक्षर बाबांकडे उरलं होतं.

झटका आला त्याला दोन महिने झाले होते. उजवी बाजू गेली आणि भाषा गेली. ज्या माणसाच्या तोंडातून राजे, दरोडेखोर आणि बोलणारे कुत्रे निघाले, तो आता दिवसभर खिडकीपाशी बसून काहीही विचारलं तरी हं म्हणत होता. जेवलात? हं. जेवायचंय अजून? हं. डॉक्टर म्हणाले, ऐकू येतंय; आत किती पोचतंय ते आम्हालाही सांगता येणार नाही.

"जन्मभर पेपरातून डोकं वर न काढता हंच म्हणाले," आई एकदा म्हणाली. "आता वेगळं काय झालंय म्हणा!" स्वतःच्याच बोलण्यावर ती हसली, आणि मग प्लास्टरमधल्या हाताने डोळे पुसायला गेली. तो हात बाबांना पलंगावरून उठवताना मोडला होता. दोघंही पडली होती आणि शेजाऱ्यांनी दार ठोठावेपर्यंत तशीच जमिनीवर पडून होती. लेक तेव्हा स्टुडिओत होती, फोन बंद करून.

शहराबाहेर अशा माणसांना ठेवून घेणारं एक सेंटर होतं. खाट रिकामी होती, आठवडाभर अडवून ठेवू म्हणाले होते. दादाने परदेशातून फोनवर सगळं पाहून घेतलं. बाग आहे, नर्स आहेत, काय वाईट आहे? त्याला दुरून डोंगर साजरे दिसणारच.

"फक्त बाबांना विचार," तो म्हणाला. "त्यांची तयारी असेल तर माझी हरकत नाही."

"विचारू कसं?"

"अगं, तुझं ऐकतात ते."

आईने तर कानांवर हातच ठेवले. मी त्यांना जा म्हणणार नाही आणि मला उचलताही येणार नाही, तू काय ते बघ. एरवी चौघांचं घर, पण विचारायची वेळ आली तेव्हा ती एकटी होती. रोज संध्याकाळी बाबांसमोर खुर्ची ओढून बसायची, आणि सुपाची वाटी रिकामी करून उठायची.

साहेब बोलून गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी तिने आणि बोक्याने बाबांना चाकाच्या खुर्चीतून बूथमध्ये नेलं. माइक खाली घेतला. बाबांनी डावा हात उचलून माइकच्या दांडीवर ठेवला, ओळखीच्या माणसाच्या खांद्यावर ठेवावा तसा. तिला वाटलं, जमलं.

चित्र सुरू झालं. भुयार, धूळ, पोरीचा चेहरा. "राहाल ना तुम्ही?" मुखवटा स्तब्ध. बाबाही स्तब्ध.

पुन्हा लावलं. काहीच नाही. घरी उठता-बसता निघणारा तो हं इथे आतल्या आत अडकून बसला होता. बाबा पडद्याकडे बघतच नव्हते, काचेवर दिसणाऱ्या स्वतःच्या प्रतिबिंबाकडे बघत होते. साहेबांनी दोनदा घड्याळ पाहिलं, मग सरळ म्हणाले, "मॅडम, माणसाला त्रास कशाला? नव्याचाच ठेवू."

ती उठून आत गेली. बाबांना बाहेर काढायलाच गेली होती. त्यांच्या गळ्याभोवतीचा रुमाल नीट करायला वाकली, आणि गुडघे टेकून तिथेच बसली. दार आपोआप लागलं. बूथमध्ये दार लागलं की जगाचा आवाज संपतो. कदाचित त्यामुळेच घरी ओठांवर न आलेलं तिथे बाहेर पडलं.

"बाबा, आईचा हात मोडलाय. तिला नाही झेपत आता. माझ्याच्यानंही नाही होत हो. मी फार प्रयत्न केला." तिने त्यांचा रुमाल पुन्हा नीट केला. "एक जागा बघितलीय. चांगली आहे. बाग आहे. मी येईन दर रविवारी. तिथे..." तिने श्वास घेतला. "तिथे राहाल ना तुम्ही?"

बाबा तिच्याकडे बघत होते.

"हं."

खालच्या पट्टीतला, सावकाश, शेवटाला थोडा उबदार. लहानपणी ताप आल्यावर कपाळावर हात ठेवून म्हणायचे तसा. तिने त्यांच्या मांडीवर डोकं टेकलं आणि ती रडली. तिला त्या हंवर विश्वास ठेवायचा होता, म्हणून तिने ठेवला. डोकं वर केलं तेव्हा काचेपलीकडे साहेब उभे होते आणि दोन्ही अंगठे वर करून दाखवत होते. बोक्यापुढचा रेकॉर्डिंगचा लाल दिवा चालूच होता.

मग घाई झाली. ती गाडी बोलवायला खाली गेली, बोक्या लिफ्ट धरून ठेवायला गेला. साहेब कुणाला तरी फोनवर सांगत होते, "मिळालं. अहो, काळजाला हात घातला म्हाताऱ्याने!"

त्याच आठवड्यात बाबा सेंटरमध्ये गेले. दादाला तिने कळवलं, विचारलं होतं, हं म्हणाले. दादा म्हणाला, "बघ, मी म्हटलं नव्हतं?" आईने बाबांचे कपडे भरून दिले. खाटेवर टेकताना बाबांनी लेकीच्या ओढणीचं टोक डाव्या मुठीत धरलं होतं. नर्सने ते गोड बोलून सोडवलं.

महिन्याभराने सगळे आवाज, संगीत आणि स्फोट एकत्र जोडून झाले. अंधाऱ्या खोलीत मोठ्या पडद्यावर भुयाराचा प्रसंग लागला. नव्याच्या आवाजातला म्हातारा दोन शब्द बोलून थांबला. पोर वळली. राहाल ना तुम्ही? आणि बाबांचा हं आला, संगीत नसलेल्या त्या एका क्षणात, अख्ख्या खोलीभर. कुठे सांधा दिसला नाही. साहेबांनी चष्मा काढला.

"मानलं," ते म्हणाले. "रांगेत चालण्यापेक्षा हे भारी आहे. म्हातारा खुशीने मागे राहिला ना, तिथे पब्लिक आपलं झालं." चष्मा पुसत पुसत ते निघूनही गेले.

ती बसून राहिली. खुशीने. हा शब्द तिला महिनाभर हवा होता, आणि तो असा फुकटात मिळाला होता. तिला बरं वाटत होतं, हे नाकारण्यात अर्थ नव्हता.

"ताई," बोक्या म्हणाला. त्याचा हात उगाचच बटणांवरून फिरत होता. "त्या दिवशीचं थोडं राहिलंय. मी रेकॉर्डिंग बंद न करताच लिफ्टकडे गेलो होतो. आज साफसफाई करताना सापडलं. म्हटलं, तुम्हाला विचारल्याशिवाय कसं..."

"लाव."

आधी दार लागल्याचा आवाज. तिची पावलं लांब जाताना. मग बूथमधली ती ठार शांतता, तिच्यात खुर्चीची बारीक करकर. बऱ्याच वेळाने बाबांचा आवाज आला.

"हं?"

शेवट वर गेलेला. समोरच्याचं बोलणं नीट ऐकू आलं नाही की माणूस म्हणतो, तसा. काय म्हणालीस, असं विचारणारा. मग थोडं थांबून, उत्तर येईना म्हणून, मोठ्याने:

"हं?"

त्यानंतर श्वास. खुर्ची करकरली, कुणीतरी वळून दाराकडे पाहत असावं तशी. तिसऱ्यांदा तो आला तेव्हा त्यात आवाज फारसा नव्हता, नुसता प्रश्न होता. आणि मग दार उघडलं, आणि तिचा स्वतःचा लगबगीचा आवाज, "चला बाबा, गाडी आली."

बोक्याने थांबवलं. पडद्यावर मुखवटा तसाच गोठला होता. बोक्या तिच्याकडे न बघता म्हणाला, "सिनेमात तर याचं काम नाही. पुसून टाकू?"

ती पडद्याकडे बघत होती.

"हं," ती म्हणाली.

बोक्याचं बोट बटणापर्यंत गेलं आणि तिथेच थांबलं.

"हं म्हणजे, ताई?"