स्पंजाचे गोटे

रोशनने पहिला गोटा उचलला, नेम धरला आणि थेट हिमानीच्या कपाळावर हाणला.

गोटा स्पंजाचा होता. कपाळावरून उडून तो मधल्या निळ्या सतरंजीवर, म्हणजे नदीत पडला. हिमानी खदखदून हसली आणि तिने आपल्या काठावरचे दोन उचलून परत मारले.

सौंसरच्या एका जुन्या, कापसाच्या जिनिंगच्या शेडमध्ये मुलांसाठी नवं संग्रहालय निघालं होतं. तिथे कशालाही हात लावायची मुभा होती. पोरांनी जातं फिरवलं, हातपंप मारून बाह्या ओल्या केल्या आणि मग ती या कोपऱ्यात आली. दोन्ही काठांवरचे गोटे रचून नदीवर कमानीचा पूल बांधायचा, असं संग्रहालयाच्या प्रज्ञाताईंनी नीट समजावून सांगितलं होतं. पण ताई होत्या पुण्याच्या. पांढुर्ण्याचा नातू आणि सावरगावची नात नदीच्या दोन काठांवर उभी करून त्यांच्या हातात गोटे द्यायचे नसतात, हे त्यांना कोण सांगणार!

"अरे, मारायचे नाहीत! पूल बांधायचाय, पूल!" ताई ओरडत होत्या. तोवर बाकीच्या पोरांनीही काठ वाटून घेतले होते.

बाकावर बसलेल्या रोशन-हिमानीच्या आजोबांचा, रघुनाथरावांचा, हात आपसूक डाव्या डोळ्याकडे गेला. तो डोळा चाळीस वर्षांपूर्वी गोटमारीत, म्हणजे झेंड्यासाठी दोन्ही गावं नदीच्या दोन काठांवरून एकमेकांना गोटे मारतात त्या जत्रेत, गेला होता. पोळ्याचा दुसरा दिवस, जाम नदीच्या मधोमध रोवलेला झेंडा, आणि ते झेंड्यापासून चार पावलांवर. गोटा सावरगावच्या काठावरून आला, एवढंच त्यांना ठाऊक होतं. नातवंडांना मात्र त्यांनी संत्र्याच्या झाडाचा काटा लागल्याचं सांगितलं होतं. हे खूळ आपल्यापाशीच थांबावं, एवढीच त्यांची इच्छा होती. लेक वंदनाला सावरगावात देतानाही त्यांनी एकच अट घातली होती, की गोटमारीच्या दिवशी लेकरं नदीकडे जायची नाहीत. व्याही विनायकरावांनी ती दुसरा शब्द न बोलता मान्य केली होती.

आणि आता हे! शिकवलं कोणी यांना?

"बस!" रघुनाथराव ताडकन उठले. "काय करून राहिले तुमी? डोळा फुटन ना एखाद्याचा!"

रोशनने हातातला गोटा पाठीमागे लपवला. हिमानीचा चेहरा एवढासा झाला आणि रघुनाथरावांना आपलीच लाज वाटली. ते मटकन बाकावर बसले.

थोड्या वेळाने हिमानी जवळ आली. तिने आपला गोटा त्यांच्या तळहातावर ठेवला.

"आबाजी, हा नाई लागत. दाबून पाहा."

त्यांनी दाबला. तो मुठीत मावला आणि सोडल्यावर पुन्हा फुगला.

"तुमाले लागला तो खराखुरा होता ना?"

"काटा होता तो, बाई."

"नाई. विनायक आजोबानं सांगतलं मले. त्यायनंच मारला होता."

रघुनाथरावांनी तिला जवळ बाकावर बसवलं.

"झेंड्याच्या दिवशी ते जेवतच नाईत. आजी ताट वाढते, तसंच राह्यते. मी इचारलं, त सांगतलं. अन् मंग रडले."

सोयरीक झाल्यापासून दहा वर्षं कुठेही सोबत निघालं की विनायकराव त्यांच्या डाव्या अंगाने चालत. पायरी आली, खड्डा आला की हलकेच कोपर धरत. व्याह्याचा मान म्हणून करतो बिचारा, असं रघुनाथराव घरी कौतुकाने सांगत. ज्या हाताला त्यांनी चाळीस वर्षं मनातल्या मनात शिव्या घातल्या, तोच हा, कोपर धरणारा. राग येईल म्हणून त्यांनी वाट पाहिली. राग काही आला नाही. मूठ तेवढी पुन्हा पुन्हा गोटा दाबत राहिली.

पलीकडे रोशनने मुकाट्याने पूल रचायला घेतला होता. मधला एक गोटा बसला की कमान उभी राहणार होती.

"आबाजी, तुमच्या हातातला द्या न!"

रघुनाथराव सतरंजीपर्यंत गेले, गुडघे टेकले आणि तो गोटा स्वतःच बसवला. ताईंनी टाळ्या वाजवल्या.

"हिमानी, आजोबाले सांगजो," ते कमानीवरचा हात न काढता म्हणाले. "यंदा झेंड्याच्या दिवशी मी सावरगावले जेवाले येतो."

"पन ते त्या दिवशी जेवत नाईत."

"माह्यासंग जेवतीन."