धोंड्याच्या महिन्यातला डाव

आमच्या व्यंकटीतात्याला फुली-गोळ्यात कुणी हरवलंय, असं मी तरी कधी बघितलं नाही. खेळ तसा पोराटोरांचा. दोन उभ्या रेघा, दोन आडव्या, नऊ घरं, संपला. पण तात्या त्याला असा बसायचा, जणू तहसिलीत तारीखच आहे. मारुतीच्या पारावरच्या फरशीवर तो कोळशानं चौकट आखायचा, पुजारी रोज कावायचा, आणि तात्या म्हणायचा, "मारुतीला काय, त्योबी बघत बसतो."

त्याचं शास्त्र सगळ्या गावाला पाठ होतं. आधी मधलं घर धरायचं. ते गेलं असेल तर कोपरा. बाजूचं घर नडल्याशिवाय धरायचं नाही. समोरच्याची दोन जुळली की आपलं सोडून आधी ती अडवायची. आणि जिंकायचंच असेल तर अशी मांडणी करायची की तीन जुळायला दोन जागा राहतील. समोरचा अडवून अडवून एक अडवील, दुसरी आपली. "दोघंबी शाने असले तर ह्यो डाव बरोबरीतच सुटतो," तात्या सांगायचा. "आपण जिंकत नसतो बाबा, समोरचा चुकतो."

हे सगळं त्यानं आपल्या एकुलत्या लेकीला, दैवशालाला, ज्वारीच्या राखणीवर शिकवलं होतं. पाखरं हाकता हाकता बापलेक माळ्याखाली मातीत रेघा ओढून बसायचे. ती शिकली तशी तिच्याशी त्याचा डाव बरोबरीतच सुटायला लागला, आणि ह्याचं त्याला केवढं कौतुक! पोरीचं लग्न झालं तेव्हा तात्या मांडवात रडला नाही, पण नंतर राखणीला एकटा गेला आणि ज्वारी पाखरांनी खाल्ली.

दैवशालाला मानवतकडच्या एका गावात दिली होती. जावई बन्सीधरराव. माणूस कष्टाळू, निर्व्यसनी, बायकोला जपणारा. फक्त मानाचा भुकेला. पंगतीत पाट जरा खाली पडला तरी घास अडायचा. तसे भाऊबंद त्याला घरी उठताबसता हिणवायचे, म्हणून असेल.

पोलीस ॲक्शन होऊन चार-पाच वर्षं झाली असतील. त्या साली वैशाखात धोंड्याचा महिना आला. धोंड्याच्या महिन्यात जावई म्हणजे विष्णू. त्याला बोलवायचं, पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, धोतरजोडी द्यायची. आमच्या गावात त्यात आणखी एक भर आहे. जेवणं झाली की सासऱ्यानं जावयाशी पारावर एखादा डाव खेळायचा आणि हरायचं. सोंगट्या असोत, पत्ते असोत, जो खेळ येत असेल तो. जिंकलेल्या जावयाला सासरा सगळ्यांदेखत फेटा बांधतो. कुणी कधी बोलून दाखवत नाही, पण हरायचं असतं हे सगळ्यांना ठाऊक असतं. जावयालाही असतं.

दैवशाला आदल्या दिवशीच आली होती. मी तेव्हा त्यांच्या ओसरीवरच होतो; शेजारीच आमचं घर. ती बापाजवळ बसून हळूच म्हणाली, "तात्या, उद्या नीट हरा बरं का. त्येंना लय मनाला लागतं."

"मला काय सांगायलीस? रीत ठाव हाय मला."

"तुमाला रीत ठाव हाय, तुमच्या हाताला न्हाई."

तात्या हसला. गोजरबाई, म्हणजे तात्याची बायको, चुलीपाशी होती. तिनं आतूनच बजावलं, "पोरीला शब्द द्या." तात्यानं शब्द दिला.

दुसऱ्या दिवशी पारावर गाव जमलं. तात्यानं कोळसा जावयाच्या हातात दिला. पहिली खेळी पाहुण्याची. बन्सीधररावांनी वरच्या डाव्या कोपऱ्यात फुली मारली. तात्याचा गोळा मधे. जावयानं दुसरी फुली बरोबर समोरच्या, खालच्या उजव्या कोपऱ्यात मारली आणि मिशीवरून हात फिरवला. कुठून तरी शिकून आले होते. मेख अशी, की इथं तात्यानं उरलेल्या दोनांतला कुठलाही कोपरा धरला, की जावई चौथा कोपरा धरणार आणि त्यांना तीन जुळवायला दोन जागा मिळणार. मग तात्या हरलाच. बाजूचं घर धरलं तर मात्र तो फास फुकट.

म्हणजे देवानं ताटच वाढून ठेवलं होतं. कोपरा धरायचा आणि हरायचं. कुणाला संशय आला नसता. उलट, तात्यासारखा तात्या फसला म्हणून जावयाचं नाव झालं असतं.

तात्याचा हात कोपऱ्यावर गेला. तिथं थांबला. भुजंग म्हणून एक आगाऊ माणूस मागं उभा होता, तो म्हणाला, "आता तात्या गेला!" बस्स. हात सरकला आणि वरच्या ओळीत, बाजूच्या घरात गोळा पडला. जावयाचं लक्ष आपल्या फासातच. त्यांनी पाठ केल्याप्रमाणं खालचा डावा कोपरा धरला आणि मोठ्यानं म्हणाले, "आता अडवा मामा, कुठं कुठं अडवता ते!" खरंच दोन जागा तयार होत्या. पण तात्याला अडवायची गरजच नव्हती. त्यानं मधल्या उभ्या ओळीत खाली गोळा मांडला आणि वरून खाली रेघ ओढली. तीन गोळे.

सगळा पार हसला. भुजंग तर खांबाला धरून हसला. "धोंडे जड झाले जावयाला!" असंही कुणीतरी म्हणालं. तात्याही क्षणभर हसला, आणि मग त्याला कळलं. तसा पांढरा पडलेला त्याचा चेहरा मी परत बघितला नाही. तो घाईघाईनं फेटा घेऊन उठला, "घ्या, डाव तुमचाच, माझं म्हाताऱ्याचं..." म्हणत. बन्सीधररावांनी फेटा घेतला, घडी करून पारावर ठेवला आणि ते चालू लागले. संध्याकाळच्या गाडीनं बायकोला घेऊन गेले. दैवशाला बापाच्या पाया पडली आणि गेली.

त्या नागपंचमीला तिला धाडलं नाही. शेतात कामं हायती, असा निरोप. दिवाळीला सासूबाईंचं दुखणं निघालं. संक्रांतीला निरोपही नाही. गावातल्या साऱ्या लेकी येऊन झोके खेळून गेल्या आणि गोजरबाई दाराला कडी लावून आत बसून राहिली. तात्या पारावर यायचा बंद झाला. माझं विचाराल तर जावईही काही देव नव्हते; कोळशाच्या एका रेघेपायी बायकोचं माहेर तोडायचं म्हणजे काय? पण रीत तात्यानं मोडली होती, आणि तो कुणालाच दोष देत नव्हता. "माझ्या हाताला खाज," एवढंच म्हणायचा.

पुढची पंचमी आली तेव्हा तो मला म्हणाला, "चल. लेकीला आणाया मीच जातो. त्येंच्या दारात, त्येंच्या भावकीदेखत हरतो." आम्ही पिंगळीला आगगाडीत बसलो, मानवतच्या स्टेशनावर उतरून पुढं बैलगाडी केली. वाटेत तो मला पुन्हा पुन्हा सांगत होता, कुठला गोळा कुठं मांडणार.

बन्सीधररावांनी पाय धुवायला पाणी दिलं, चहा दिला. वागण्यात काडीचा उणेपणा नाही. तात्यानं भावकीतल्या चौघांसमोर डावाची गोष्ट काढली. "ऱ्हायलेला डाव खेळू, जावईबापू." ते नको म्हणाले नाहीत. अंगणातच रेघा ओढल्या. दैवशाला दाराच्या चौकटीला टेकून उभी होती, वाळली होती.

जावयाची फुली कोपऱ्यात, तात्याचा गोळा मधे, जावयाची फुली समोरच्या कोपऱ्यात. सगळं तसंच. ह्या वेळी तात्यानं जराही न थांबता कोपरा धरला. मी श्वास सोडला. आता चौथा कोपरा धरला की जावई जिंकले.

बन्सीधरराव त्या गोळ्याकडे बघत राहिले.

"मामा," ते शांतपणे म्हणाले, "हितं कोपरा धरला की माणूस हरतो. हे तुमाला आज ठाव न्हाई व्हय?"

तात्या मांडलेला गोळा बोटानं परत गिरवू लागला.

"वरीसभर शिकलोय मी. रोज जेवल्यावर बसायचो, हिनंच शिकवलं. तवाच मला कळलं, त्या दिशी तुमाला हरता येत हुतं. सोपं हुतं." त्यांनी तळव्यानं चौकट पुसली. "तवा दिलं असतं तर घेतलं असतं मामा. आता भीक झाली."

ते उठून गोठ्याकडे गेले. आवाज चढवला नाही, म्हणून जास्त लागलं. दैवशाला बापाजवळ येऊन बसली, मातीनं भरलेला त्याचा हात तिनं हातात घेतला. "मला वाटलं, त्येंना खेळ आला की राग जाईल," ती म्हणाली. "म्हणून शिकवलं तात्या. सगळं शिकवलं." आणि मग बापलेक दोघंही रडली. मी अंगणाबाहेर जाऊन उभा राहिलो.

तिला धाडलं नाही. आम्ही दोघंच परतलो. गावात शिरलो तेव्हा लिंबाला झोके बांधले होते, पोरी गाणी म्हणत होत्या. गोजरबाई दारातच उभी होती. तिनं आधी आमच्या मागं बघितलं, पार वेशीपर्यंत.

"हरला न्हाईत का?" तिनं विचारलं.

"हरत हुतो," तात्या म्हणाला. "त्येंनी जिंकायचं न्हाई म्हटलं."