आवतण घेतलेली गाडी

पोळ्यात बैलाच्या जागी मोटारसायकल उभी करायची ही कल्पना ऋतिकचीच. दोन वर्षांपूर्वी घरची बैलजोडी विकली, नांगरट ट्रॅक्टरवर गेली, तेव्हापासून पोळ्याच्या दिवशी दाराला सुतकी कळा यायची. यंदा पोरानं जाहीर केलं, "आपल्या घरून माही गाडी तोरणाखाली. व्हिडिओ मस्त चालन." बाप खवळला. कोकिळा मात्र म्हणाली, "नेऊ द्या न त्याले." ऋतिकला वाटलं, माय आपल्या बाजूची झाली. वीस वर्षं त्या घरात जेवला, पण मायला ओळखण्यात पठ्ठ्या कच्चाच राहिला.

ती कशानं पेटली होती, हे गावाला ठाऊक होतं. ऋतिक आणि त्याचे दोस्त तळेगावच्या हायवेवर कंटेनरच्या मधून गाड्या काढायचे, टाकीवर पोट टेकवून. हेल्मेट नाही, कारण त्यानं व्हिडिओत चेहरा दिसत नाही म्हणे! मे महिन्यात त्यांच्यातला स्वप्निल ऋतिकशी शर्यत लावताना ट्रकखाली गेला. सावंगीच्या दवाखान्यातून दीड महिन्यानं तो घरी आला, तो उजवा पाय गुडघ्यापासून खाली तिथंच ठेवून. तेव्हापासून ऋतिक त्याच्या गल्लीत फिरकला नव्हता. हायवेवर मात्र रोज जात होता.

कोकिळानं शपथा घातल्या, उपास धरले, चावी पिठाच्या डब्यात लपवली. त्यानं दुसरी करून घेतली. आता पोळा फुटला की पाच गाड्यांची पुलापर्यंत शर्यत ठरली होती. ते कानावर आलं त्या दिवशी तिनं रडणं बंद केलं. रडून पाहिलं होतं, आता डोकं लावायचं होतं.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलाच्या खांद्याला तूप-हळद लावून त्याला दुसऱ्या दिवसाच्या जेवणाचं आवतण देतात. कोकिळानं गाडीच्या हँडलला तूप-हळद चोळली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "आज आवतण घे, उद्या जेवाले ये." ऋतिकनं हसत हसत ते मोबाइलमध्ये घेतलं. तो व्हिडिओ पाहून बाकीच्या चौघांनीही आपापल्या गाड्यांना बेगड चिकटवली, घुंगरं बांधली.

दुसऱ्या दिवशी मारुतीच्या पारासमोर तोरणाखाली सत्तावीस बैल आणि पाच गाड्या उभ्या राहिल्या. म्हातारे वासुदेवराव दरसाल पोळा फोडायचे, त्यांनी तोरण तोडलं. बैल उधळले, पोरांनी गाड्या चालू केल्या. तेवढ्यात बायांच्या घोळक्यातून कोकिळा निघाली ती थेट पुरुषांच्या गर्दीत शिरली. विकलेल्या बैलाचा कासरा तिच्या हातात होता. तिनं तो ऋतिकच्या हँडलला आवळून बांधला.

"बंद कर."

"माय, बाजूले हो. लोक पाहून राह्यले."

"पाहू दे. भाऊजी, आजच्या दिवशी बैल जुंपते का कोणी?"

"शिव शिव!" वासुदेवरावांनी कानाला हात लावला. "आज मानेवर जू ठेवलं तं वर्षभर घरात बरकत नाई."

"मंग हा आपला बैल काऊन जुंपून राह्यला?"

गर्दीत खसखस पिकली. ऋतिकचे कान लाल झाले. "हे गाडी आहे माय, बैल नाई!"

"काल आवतण घेतलं तवा बैल होता. तोरणाखाली उभा केला तवा बैल होता. पोळा फुटला अन् गाडी झाली? का गावाच्या बैलांची थट्टा करून राह्यला तू? तसं असन तं सांग सगळ्यांसमोर."

वासुदेवरावांनी काठी आपटली. "बरोबर बोलली बाई. उतर बे खाली. घरोघर ने पूजेले, पायी."

या गडबडीत बाकीच्या चार गाड्या सटकल्या. कोकिळाला हात दोनच होते.

कासरा धरून ती पुढं, गाडी ढकलत पोरगा मागं. दारोदारी बाया ताट घेऊन चाकाला कुंकू लावत आणि तोंडाला पदर लावून हसत. स्वप्निलची गल्ली आली तसा ऋतिक थांबला.

"तिकडं नाई, माय."

"पोळ्याचा बैल कोणाचं घर सोडत नाई. चाल."

स्वप्निलची आई मंदाबाई दारात उभीच होती. तिनं गाडीकडं बराच वेळ पाहिलं. मग वाकून बैलाचे पाय धुवावे तसं पुढचं चाक धुतलं. मग कुंकू लावलं. "याच चाकामागं गेलता माहा पोरगा," ती म्हणाली, आणि पुरणपोळी ऋतिकच्या हातावर ठेवली. ती खाणं काही त्याला जमेना.

ओसरीवरच्या खाटेवरून स्वप्निल म्हणाला, "मले घरी येऊन दोन महिने झाले बे. आज रस्ता सापडला का तुले?"

ऋतिकची मान वर होईना. तेवढ्यात त्याच्या खिशातला फोन वाजला.

"पुलावरून असन," स्वप्निल म्हणाला. "जा न. मी बी असाच गेलतो. फोन आला अन् गेलतो."

कोकिळाची मूठ कासऱ्यावर आवळली. पण तिलाही कळत होतं, कासरा काय, विळ्याच्या एका फटक्यानं तुटतो आणि दुसरी चावी पोराच्या खिशातच आहे. तिचा जीव टांगणीला लागला.

ऋतिकनं फोन घेतला. पलीकडचा आवाज ओसरीभर ऐकू आला. "कुठी मेला बे? मायच्या पदराखाली लपला का? भ्याला तं सांग!"

ऋतिकनं स्वप्निलच्या खाटेकडं पाहिलं. मग तो इतक्या मोठ्यानं ओरडला की शेजारच्या बाया दारात आल्या.

"माह्या बैलानं आवतण घेतलं! आज जुंपत नाई!"

फोनमधून हसण्याचा कल्लोळ उठला.

"हसा बे, हसा! पण इकडं या. स्वप्निलच्या खाटेसमोर उभे राहून हसा, मंग पाहू कोण भ्याला ते!"

पलीकडून फोन कटला.

मंदाबाईनं डोळ्याला पदर लावला. स्वप्निल मात्र जुन्या खोडीनं हसला. "आज नाई जुंपत. अन् उद्या?"

ऋतिक मायकडं पाहू लागला. कोकिळानं कासऱ्याचा आणखी एक वेढा मनगटाला घेतला.

"उद्या पुन्हा आवतण देईन," ती म्हणाली. "परवा बी देईन. पाहू कोण थकते."