आप्पांनी खोटं सांगितलं

नळदुर्गात कापडाचं दुकान चालवणारे विरुपाक्षआप्पा गिऱ्हाइकासमोर साधी जांभईसुद्धा द्यायचे नाहीत. आतड्याला पीळ पडून त्यांचं पोट फुगलं, तेव्हा मुलानं, महांतेशनं, त्यांना गाडीत घालून धाराशिवच्या दवाखान्यात आणलं. काळं पडलेलं आतडं डॉक्टरांनी कापून काढलं, उरलेली टोकं जोडली. ऑपरेशन नीट पार पडलं. आप्पांची खरी परीक्षा त्यानंतर सुरू झाली.

डॉक्टरीणबाई सकाळ-संध्याकाळ यायच्या आणि सगळ्या वॉर्डासमोर खणखणीत विचारायच्या, "आजोबा, वारा सरला का?"

शेजारी सून श्रीदेवी उभी असायची. आप्पा मान भिंतीकडं वळवून म्हणायचे, "न्हाय."

खरंच सरला नव्हता. असल्या ऑपरेशननंतर आतडं काही दिवस झोपल्यागत पडून राहतं, ते जागं होईस्तोवर जेवण देता येत नाही, असं बाईंनी समजावलं होतं. त्यांनी आप्पांना धरून धरून चालायला लावलं. घोटभर पाणी सुरू झालं, तशी त्यात एक पुडी कालवून द्यायला सांगितली.

"कसली पुडी?" आप्पांनी विचारलं.

"चांगले जंतू आहेत. अँटिबायोटिकनं पोटातले बरेच मेलेत."

"एवढं पोट चिरून घेतलं, आता जंतू खाऊ?"

"आप्पा, विरजणात तरी दुसरं काय असतं?" श्रीदेवी म्हणाली. मग त्यांनी मुकाट्यानं पुडी घेतली.

एका पहाटे पोटात गुडगुडलं आणि काम झालं. चांगला आवाज करून झालं. आप्पांना इतकं हलकं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. पण बाई आल्या त्या दोन शिकाऊ मुलींना घेऊन, आणि सून तिथंच उशी सारखी करत होती. आप्पांच्या तोंडून निघून गेलं, "न्हाय."

बाईंनी पोटाला नळी लावून ऐकलं. कपाळाला आठी पडली. "आवाज तर येतोय. संध्याकाळपर्यंत बघू, नाहीतर सोलापूरला नेऊन तपासण्या कराव्या लागतील."

श्रीदेवीचा चेहरा उतरला. महांतेशला फोन करायला ती बाहेर गेली.

शेजारच्या खाटेवर ईट गावचा मेंढपाळ बब्रुवान होता. त्याचंही आतडं जोडलेलं. तो हळूच म्हणाला, "आप्पा, पहाटं म्या ऐकलं की."

"काय ऐकलंस?"

"आता ते बी सांगू व्हय? तुमी सांगताव का म्या सांगू? पोरगी रडकुंडीला आलीय."

श्रीदेवी परत आली तेव्हा आप्पांनी तिला जवळ बोलावलं. मराठीत ते तोंडातून निघेना, म्हणून घरच्या कानडीत सांगितलं. कानडीतही ते काही सभ्य वाटलं नाही. ती तोंडाला पदर लावून हसत बाईंकडं पळाली.

बाई रागावल्या. "अहो, याचीच तर वाट बघत होतो आम्ही! उगाच सोलापूरला धाडलं असतं."

"पुडीनं झालं म्हणायचं का?" आप्पांनी विषय बदलला.

"काहींना होतो पुडीचा फायदा. तुमचं चालणंही आहे, आतड्याची स्वतःची वेळही असते. एकट्या पुडीला श्रेय देता येणार नाही."

दुपारी आप्पांना पातळ पेज मिळाली. तिला मिठाशिवाय दुसरी चव नव्हती, तरी त्यांनी चाटूनपुसून संपवली. बब्रुवानचं पोट मात्र अजून गप्पच होतं. तो वाटीकडं न बघितल्यासारखं करत छताकडं बघत होता.

आप्पा टाक्यांवर हात धरून उठले. "ऊठ, चल."

"कुठं?"

"दारापर्यंत. पडून राहून कसं हुईल?"

बब्रुवान कण्हत उठला. त्याच्या सलाईनचा खांब आप्पांनी धरला, आणि दोघं पाय ओढत वॉर्डाच्या दाराकडं निघाले.