आपाची नकारघंटा

नमदा, म्हणजे लोकर दाबून केलेलं तंबूचं जाड आच्छादन, करायचा तर माणसं लागतात. ओली लोकर चटईत गुंडाळायची, वरून कढत पाणी ओतायचं आणि ओळीनं उभं राहून ती गुंडाळी लाथांनी अंगणभर ढकलत न्यायची. आमचे पुरुष तर मेंढ्या घेऊन चार दिवसांपूर्वीच वरच्या कुरणात गेले. खाली उरलो आम्ही बायका-पोरं: उलकान आपा, तिची सून जिबेक, जिबेकची चार पोरं, त्यातलं धाकटं दीड महिन्याचं बाळ, आणि त्यांची शेजारीण मी. उद्या सकाळी आम्हाला न्यायला ट्रक येणार. तंबूचं छत गेल्या साली कुजलेलं, आणि वर जूनमध्येही बर्फ पडतो. नमदा आज झाला तरच बाळाच्या डोक्यावर छत.

जिबेकनं आपल्या थोरल्या तिघांना हाका मारून घसा कोरडा केला. कार्टी टेकाडावर गाढवाच्या मागं लागली होती.

"तू गप ऱ्हा," आपा म्हणाली. गुडघे धरल्यापासून ती स्टुलावर बसूनच हुकूम सोडायची. तिनं आवाज चढवला. "ए, हिकडं फिरकू नगा रं. पाळण्यातल्या पोरांचं काम न्हाई ह्ये."

सहा वर्षांची आयझिरेक गर्रकन वळली. "आमी पाळण्यातली व्हय?"

"न्हाईतर काय. तुमच्या लाथंला लोकर हसंल."

तिघंही धावत आली. आपा "नगं, नगं" म्हणायची आणि पोरं दुप्पट जोरानं लाथा हाणायची. मी डोईच्या रुमालात तोंड लपवून हसत होते.

काम अर्ध्यावर आलं आणि आयझिरेक थांबली. "आपा, तू नगं म्हंतीस आन गालात हसतीस. सकाळी दुधालाबी आसंच क्येलंस." ती मातीत बसली. मागोमाग भाऊही बसले.

लोकर निवत चालली होती. निवली की गोळे होतात, मग सगळी वाया. जिबेकच्या डोळ्यांत पाणी आलं.

"बरं बाई, फशिवलं," आपा म्हणाली. "आता हात जोडते, उठा."

आयझिरेक ढिम्म. तिनं स्टुलाकडं बघितलं आणि अगदी मायेनं म्हणाली, "तू मातुर उठू नगंस हां आपा. म्हाताऱ्यांचं काम न्हाई ह्ये."

आपा लालबुंद झाली. "कोन म्हातारी?"

तिनं काठी फेकली, झगा कमरेला खोचला आणि अशी लाथ घातली की गुंडाळी हातभर पुढं गेली. आजी ओळीत उभी राहिलेली बघून पोरं कशाला बसतात? दुपार कलायच्या आत तळहाताच्या जाडीचा नमदा कुंपणावर वाळत पडला.

संध्याकाळी मी आपाच्या गुडघ्यांना मेंढीची चरबी चोळत होते. "पोरीनं फशिवलं की वो तुमाला."

"ठावं हाय मला," आपा कण्हत म्हणाली. "पर तिला सांगू नगंस. उद्या मला ट्रकात चढायचं हाय, तवा पुन्ना लागंल ती."