नवव्या धड्याची सही

खोटं वाटलं तर भांडुपला चंद्रप्रकाशच्या झेरॉक्सच्या दुकानात जाऊन वही बघा. बारा सह्या आहेत, एक अंगठा धरून.

दर्शनाची बॉयलर चालवायची परीक्षा दुसऱ्या दिवशी दहाला होती. पास झाली तर चेंबूरच्या कंपनीत नोकरी, नाहीतर वर्षभर थांबा. पुस्तक एकच, बारा धड्यांचं, लायब्ररीचं, संध्याकाळी परत करायचं. प्रकाशकानं ते छापणं कधीच सोडलेलं, पण दुसऱ्या कुणी छापू नये म्हणून डोळ्यांत तेल घालून बसलेला. त्याची नोटीस आल्यापासून चंद्रप्रकाशनं नियमच केला होता: माणशी एक धडा, आणि वहीत सही, 'फक्त स्वतःच्या अभ्यासासाठी'.

दर्शनानं चाळच रांगेत उभी केली. रांग एवढी वाढली म्हणतात, की दोघं-तिघं रेल्वेच्या तिकिटाची समजून मागे उभे राहिले आणि बॉयलरची चौकशी करून घरी गेले.

पुस्तक परत करून ती धडे गोळा करत दारोदार फिरली. तिसरा धडा कमळ कोळणीकडून आला, बोंबलाच्या वासासकट. अकरा जमले. नववा, पाण्याच्या पातळीचा, भिकाजीआजोबांकडे. गिरणीच्या बॉयलरवर तीस वर्षं काढलेला माणूस, चष्मा लावून वाचत बसलेला.

"आजोबा, द्या ना."

"नाय. सही केलंय मी. स्वतःच्या अभ्यासासाठी."

"अहो, सगळ्यांनी तशीच केली."

"सगळ्यांनी खोटी केली. जल्मात खोटी सही केली नाय मी. ह्यो कागद घराभायेर जाऊचो नाय."

दर्शना उंबऱ्यातच येरझाऱ्या घालू लागली. घड्याळात रात्रीचे आठ वाजले.

"अगो, बस. कागद नाय देणार म्हटलं. सांगणार नाय, असं खंय लिवलंय?"

ती बसली, पण पाय हलतच राहिला. आजोबा वाचत गेले, मध्येच थांबून म्हणाले, "हितं अर्धंच लिवलंय. पातळीच्या काचेतलं पाणी दिसेनासं झालं, तर वर पाणी सोडू नको. आधी आग विझव. तापल्या पत्र्यावर पाणी पडलं, तर बॉयलर फुटून तू माहुलच्या खाडीत सापडशील."

दुसऱ्या दिवशी तोंडी परीक्षेत तोच प्रश्न आला. तिनं आजोबांचं उत्तर दिलं, खाडी वगळून. साहेबांनी विचारलं, "कुठल्या पुस्तकात आहे हे?"

"नवव्या धड्यात."

साहेब पुस्तक चाळत राहिले. सापडेना. पास मात्र केलं.

पेढे घेऊन ती आली, तेव्हा आजोबांनी नवव्या धड्याची कोरी पाठ पुढे केली. "हितं सही कर. जो विचारील त्याला सांगेन, असं लिव."

तिनं लिहिलं. पेन ठेवते न ठेवते तोच दारातून कमळ म्हणाली, "काय गं, तिसऱ्या धड्यात पुढं काय झालं? अर्धाच वाचला होता मी."